एक फुल, एक हाफ

रविवार, १२ जानेवारी

लोणार झालं नाही. सरोवर दोघांनी बघायचं म्हणून सुमननं आजारपणातच एसटीच्या वेळा कागदावर लिहून ठेवल्या होत्या. ती जाऊन तीन महिने झाले. तोच कागद घेऊन सकाळी खामगावहून मेहकरच्या गाडीत बसलो. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे सवयीनं तोंडून निघालं, "एक फुल, एक हाफ."

"हाफवाल्या काकू कुठी बसल्या, काका?" कंडक्टरनं विचारलं.

"घरी राह्यल्या." असं का बोललो?

"मंग त्याईले सोडून काऊन चालले?" तो हसला. पुढचेही हसले.

पहिल्याच थांब्यावर उतरलो. परतीची वेळ कागदावर संध्याकाळची होती, मी दुपारीच घरी. वाटेसाठी नेलेला डबा उघडून ओट्याजवळ उभ्यानंच जेवलो, मग घासून पालथा घातला.