दुकानातला शेवटचा नग

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, धंदा स्कूटर दुरुस्ती, सगळ्यांत मिस्तरीण म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. डॉक्टरांनी माझी नाडी, डोळे आणि स्मरणशक्ती तपासली आहे. त्यांनी आजचा वार विचारला, तो मी सांगितला; मग त्यांच्या स्कूटरचे मागचे चाक का ओढते, तेही सांगितले. बुद्धी ठिकाणावर असल्याचा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. मला मोठा आजार नाही. पण गेल्या महिन्यात उजव्या हाताच्या बोटांतून स्क्रू दोनदा निसटला, तेव्हा लिहायचे ते वेळेत लिहावे असे ठरवले.

कलम १. दुकानावरच्या दोन खोल्या माझ्या मुलाला द्याव्यात. तो परगावी शिक्षक आहे आणि त्याने आयुष्यात पाना धरलेला नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याच्या वडिलांनीही धरला नव्हता. ते छापखान्यात खिळे जुळवत, आणि घरी आल्यावर माझी नखे बघून म्हणत, काळे हात दोघांचेही, पण वाचता येईल असे काम फक्त माझे. ते जाऊन अकरा वर्षे झाली. बँकेतली ठेव सुनेला द्यावी. ती दर रविवारी फोन करते आणि मी जेवले का, एवढे विचारून थांबत नाही. काय जेवले तेही विचारते.

कलम २. कपाटाच्या तळाशी एक पत्र्याचा डबा आहे. त्यात चौदा ब्रेक शू आहेत, एका ठोक दुकानदाराने अस्सल म्हणून गळ्यात मारलेले. पहिल्याच जोडीचे अस्तर आठ दिवसांत सुटून आले. मी ती जोडी स्वतःच्या गाडीला लावून पाहिली होती, म्हणून दुसऱ्या कोणाचे हाड मोडले नाही. माझा हात मात्र मनगट मोडून दीड महिना गळ्यात होता. बदलून मागितले तर तो म्हणाला, बाईच्या हाताने बसवले असतील. हा डबा त्याला परत द्यावा. त्याने घेतला नाही तर त्याच्या दारात ठेवून यावे.

कलम ३. हे कलम माझ्या दिराबद्दल आहे. ते लांबले तरी कोणी कापू नये.

दुकान माझ्या सासऱ्यांचे. त्यांना मी मामंजी म्हणत असे. त्यांची पाठ धरली तेव्हा मी चोविशीची होते. खाली वाकवत नाही म्हणून ते स्टुलावर बसत आणि सांगत, मी करत असे. धाकटा दीरही शिकत होता आणि खरे सांगायचे तर इंजिन उघडण्यात त्याचा हात माझ्यापेक्षा चपळ होता. पण तो वस्तू कुठेही टाकायचा. मामंजींचे म्हणणे असे, की मिस्तरी दोन प्रकारचे, एक दुरुस्त करणारा आणि दुसरा माणसाला घरी पोचवणारा. आणि घरी पोचवायचे तर हाताशी सामान लागते. त्यांचा एकच कायदा होता. खुंटीवरचा शेवटचा नग सुटा विकायचा नाही. जो गाडी ढकलत दारात येईल, तो त्याचा.

मामंजी गेले तेव्हा कागदात दुकान माझ्या नावावर निघाले. घरात मुलगा असताना सुनेला दुकान, हे दिराला लागले. लागण्यासारखेच होते. मामंजींनी त्याला जिवंतपणी बोलावून दोन शब्द सांगायला हवे होते आणि मीही मधे पडायला हवे होते. मी पडले नाही, कारण दुकान मला हवे होते. हे मी आज प्रथमच लिहिते आहे. त्याने समोरच्या फुटपाथवर आपले दुकान काढले. चौदा वर्षे आम्ही एकमेकांची शटर उघडताना पाहिली, पण शब्द नाही. सणसमारंभाला तो एका दाराने आला की मी दुसऱ्याने.

मग एका दिवशी सकाळी नेहमीचे एक गिऱ्हाईक आले. गाडी धड चालत होती, पण प्रवासाला निघायचे म्हणून जादा क्लच वायर हवी होती. खुंटीवर एकच होती. त्याने फार गळ घातली आणि मी ती देऊन टाकली. दुपारी बाराच्या उन्हात दवाखान्यातली सुईण गाडी ढकलत आली. क्लच वायर तुटलेली. पुलापलीकडच्या चाळीत एक बाई अडली होती, पहिलटकरीण. दुसरे वाहन दिसत नव्हते. मी रिकाम्या खुंटीकडे पाहिले.

समोर दीर जेवायला बसला होता. मी रस्ता ओलांडला. काय बोलावे ते ठरवले नव्हते. "क्लच वायर आहे का? माझ्याकडची संपली," एवढेच तोंडातून आले.

त्याने ताट सारले, हात धुतले, वायर काढली, पण माझ्या हातात दिली नाही. स्वतःच ती घेऊन आमच्या दुकानाकडे चालू लागला. मी हँडलचे झाकण उघडून वरून वायर सोडत गेले, तो खाली इंजिनापाशी ती ओढून घेत गेला. मामंजींच्या वेळी आम्ही असेच करायचो. वीस मिनिटांत सुईण गेली. मग तो हात पुसत रिकाम्या खुंटीपाशी उभा राहिला.

"वहिनी, ही अशी ठेवायची नसते."

"कळलं," मी म्हटले. "जेवण गार झालं असेल. वर चला."

तो वर आला. संध्याकाळी सुईणीचा निरोप आला, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. त्या दिवसापासून एकाकडे नसेल ते दुसऱ्याकडून जाते, आणि दोन्ही दुकानांची यादी आम्ही मिळून करतो. मामंजींची हत्यारांची पेटी त्याच दिवशी द्यायला हवी होती, पण तोंड झाले नाही. ती या कलमाने दिराला देते.

कलम ४. जो कोणी दुकान चालवील त्याने पुढील सामान कायम हाताशी ठेवावे. स्पार्क प्लग, प्रत्येक प्रकारचे दोन तरी. गाडी चालू होत नाही म्हणून येणाऱ्या दहांतल्या चौघांचे काम तेवढ्यावर भागते. ब्रेक वायर आणि ॲक्सिलेटर वायर. क्लच वायर जुन्या गिअरच्या गाड्यांपुरती. आता त्या सात उरल्या आहेत, सातही माणसे म्हातारी आहेत, पण त्यांना नाही म्हणू नये. बिनगिअरच्या गाड्यांसाठी बेल्ट आणि रोलर. ब्रेक शू पारखून घ्यावेत, कलम २ पाहा. पुढच्या दिव्याचा बल्ब, फ्यूज, ट्यूब, हवेच्या व्हॉल्व्हची पिन. ही पिन दाण्याएवढी असते आणि नसली की हत्तीएवढी वाटते. इंजिन ऑइल सीलबंद डब्यातलेच. रबरी सामान दोन वर्षांपेक्षा जुने ठेवू नये. ते खुंटीवर बसूनही म्हातारे होते. विजेच्या गाड्यांना काय लागते ते मला नीट माहीत नाही. त्यासाठी पुढचे कलम आहे.

कलम ५. दुकान, कपाट आणि त्यातले सर्व सामान माझ्या पुतणीला, म्हणजे याच दिराच्या मुलीला द्यावे. वय सव्वीस. इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगते आणि वस्तू जागच्या जागी ठेवते. दुसरा गुण तिने बापाकडून घेतलेला नाही.

तिला गेल्या आठवड्यात परगावच्या एका कारखान्यात विजेच्या स्कूटरी शिकण्याची नोकरी लागली. मी या कागदाबद्दल सांगितले तेव्हा ती म्हणाली, "काकू, मग मी नाही म्हणून कळवू का तिकडे?"

"वेडी आहेस का? जा. मला जे येत नाही ते शिकून ये. तोवर आम्ही दोघं आहोत."

"आणि तिकडेच रमले तर?"

मी तिला त्याच वेळी उत्तर दिले नाही. इथे देते. ती रमली तर रमू द्यावी. कोणी तिला फोन करून टोचू नये, काकूच्या आत्म्याला काय वाटेल असले काही बोलू नये. अशा वेळी दुकान दिराने चालवावे आणि त्याला झेपेनासे झाले की, कलम ४ पाळण्याचे कबूल करणाऱ्या कोणाही मिस्तरीला ते भाड्याने देऊन भाडे पुतणीला पाठवावे. कोणाच्याही मनाविरुद्ध दिलेले दुकान काय करते ते आमच्या घराने पाहिले आहे.

पण काल ती निघाली तेव्हा मी तिची बॅग उचलून पाहिली. हलकी लागली. स्वतःच्या कमाईचे पाने तिने बरोबर घेतले नव्हते. पुसून, तेल लावून, माझ्या पान्यांशेजारी मांडून ठेवले होते.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि मला तो मान्य आहे. याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

स्थळ: दुकानाची मागची खोली
दिनांक: ९ मार्च, सकाळी दहा वाजता

सही: मिस्तरीण

साक्षीदार १: डॉक्टर (दाखला देणारे)
साक्षीदार २: धाकटा दीर. कलम ३ त्याने दोनदा वाचले, चष्मा पुसला आणि मग सही केली.