घरात माणसं किती?

प्रिय आईस,
लांबूनच पाया पडते.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. या शहराच्या शिरगणतीत मला नदीकाठची जुनी वस्ती मिळालीय. दारोदार विचारत फिरते, "घरात माणसं किती?" तुझा खोकला कसा आहे? उगाच बरा म्हणून कळवू नकोस.

वर्षभर बाहेर असलेल्याला घरात धरायचं नाही, असा नियम आहे. काल एक म्हातारी परगावी गेलेल्या लेकाचं नाव सोडेचना. "त्याचं अंथरूण रोज झटकते मी," म्हणाली. मी यादीतून त्याला वगळलं.

आता आपल्याकडेही मोजणारे येतील. मला निघून वर्ष उलटलं, तरी घरात दोघी आहोत असंच सांग. धाकटी कुठेय विचारलं, तर म्हण, दुकानात गेलीय, येईल एवढ्यात.

तुझ्याच घरातली,
धाकटी