न आलेला ढेकर

जालन्याहून केदारखेड्याला

माय, तुझ्या पायावर डोकं ठेवून कचरूचा नमस्कार.

मी जालन्याला बराबर पोचलो. रोज कामावर जातो. ऑपरेशनच्या आधी घशाशी जळजळ यायची, ती आता बिलकुल न्हाई.

फोनवर हे बोलवलं न्हाई, म्हणून लिहून राह्यलो. वंदनावहिनी तुला वाचून दाखवंल.

जेवणाऱ्यानं ढेकर दिल्याबिगर तू वाढायचं थांबत न्हाईस. रविवारी तू वाढत गेलीस अन् मी ताटावरून उठलो. तुझ्या जेवणात काही उणं नव्हतं. डॉक्टरनं जठराचं वरचं तोंड आवळून शिवलंय. आंबट वर येत न्हाई, तसा ढेकरही येत न्हाई. वारा आतच कोंडतो अन् पोट नगाऱ्यागत फुगतं.

काही महिन्यांत सैल पडंल म्हणतात. तवर मऊ भात, वरण, थोडं थोडं करून दिवसातून सहादा खातो. घास बारीक चावला न्हाई तर छातीत अडकतो. पँट ढिली झाली, ते मनावर घेऊ नको.

तुझे गुडघे कसे आहेत? तेल चोळतेस का?

तान्ह्या लेकराला दूध पाजल्यावर थोपटतात, तशी रविवारी मी ताटावरून उठल्यावर तू माझी पाठ थोपटायला लागलीस. ओट्यावर माणसं बसली होती, मला लाज वाटली. मी तुझा हात झटकला अन् तशीच गाडी धरली.

थोपटून ढेकर आला नसता, माय. पण बरं वाटत होतं.

तुझा लेक,
कचरू