दोन कुत्री परत आली

२ मार्च, रविवार

पुन्हा गेले. पुन्हा काही नाही.

ऑगस्टात दादा दोन्ही कुत्र्यांना घेऊन टेकड्यांवर गेला आणि संध्याकाळी कुत्री तेवढी परत आली. त्याला आज तीस रविवार झाले. पोलिसांनी नाल्याच्या अंगाने सहा दिवस शोधलं. मग फाइल कपाटात गेली. मी मात्र दर रविवारी जाते. घरी सांगते — कुत्र्यांचे पाय मोकळे करायला.

पाय कसले मोकळे! एका हातात पुढारीची साखळी, दुसऱ्या हातात काळीची. पुढारी हे नाव दादाने ठेवलं. नेहमी पुढे असतो, भुंकतो भरपूर, काम शून्य. काळी काळीच आहे, तिच्या नावाला डोकं चालवावं लागलं नाही.

रडू येत नाही. आधी वाटायचं, येईल सावकाश. दाताला भूल दिली की गाल जागेवर असतो, पण आपला नसतो. तसं झालंय.

४ मार्च, मंगळवार

लॅबमध्ये अकरा कवळ्या घासून पुसून दिल्या. एकीत पुढच्या दोन दातांत फट ठेवायची होती. म्हाताऱ्याने मुद्दाम मागितली म्हणे, नाहीतर घरचे ओळखणार नाहीत. मालक म्हणाले, "लोकांचं एकेक!" मी फट ठेवली.

आई कवळी घालत नाही. ऑगस्टापासून कपात पडून आहे. मीच केली होती, चांगली बसली होती. कपातलं पाणी ती रोज बदलते मात्र.

९ मार्च, रविवार

जुन्या पाण्याच्या टाकीपाशी निवृत्त पोस्टमास्तर भेटले. त्यांचं लंगडं कुत्रं मोकळंच असतं. टाकीच्या पुढे साखळीची सक्ती नाही, तिथून पुढे नुसता माळ. माझी दोघं साखळीला हिसके देत होती.

"सोडा की त्यांना, ताई."

म्हटलं, गेली तर?

"जाऊन जाऊन जातील कुठे? मागेही घरी आलीच ना." मग जीभ चावली त्यांनी. आणि हळूच म्हणाले, "रागावू नका. पण तुम्ही कशाला येता ते गावाला ठाऊक आहे. साखळीला बांधलेलं कुत्रं तुम्हाला काय दाखवणार? तुम्ही ओढाल तिकडेच येणार ते."

रागावले नाही. तेवढंही जमत नाही हल्ली. पण खरंच — तीस रविवार मी त्यांना नाल्याकडेच ओढत नेत होते. पोलिसांनी शोधलं तिथेच.

१६ मार्च, रविवार

कडीला हात लावला. सोडलं नाही. ही दोघंही परत आली नाहीत तर आईला काय सांगू!

२३ मार्च, रविवार

सोडलं!

आधी दोघं उभीच राहिली. काळीने माझ्याकडे बघितलं — नक्की का? मग पुढारी सुटला तो सुटलाच. गवतात नुसती शेपटी दिसत होती. दगडांवरून उड्या, डबक्यात लोळण, पुन्हा वर. काळी तिरपी पळते, मागचे पाय पुढच्यांच्या वाटेत येतात, मला माहीतच नव्हतं. आठ महिन्यांत तिला पळताना बघितलंच नाही मी.

छान वाटायला हवं होतं. बघत राहिले. तासाभराने दोघं आपणहून आली, चिखलाने माखलेली, आणि माझ्या पायांवर धापा टाकत पडली. गरम होती. तेवढं जाणवलं.

२६ मार्च, बुधवार

वहिनीने दादाचे कपडे पेटीत भरले. "कपाटाला ओल येतेय," म्हणाली. मावशी आली होती, तिच्या डोळ्यांना पाण्याची धार. वहिनी तिला पाणी देऊन पुन्हा शिवणयंत्रावर बसली. कुणाच्या तरी परकराची घडी उसवायची होती. मावशी जाताना माझ्या कानात — "दगड आहे गं ही!" मनात म्हटलं, आम्ही दोघी दगडच.

३० मार्च, रविवार

टाकीशी सोडल्याबरोबर दोघं सरळ वरच्या खिंडीकडे. नाल्याकडे ढुंकूनही नाही. खिंडीतून पलीकडे दिसेनाशी झाली. हाका मारून घसा बसला. चाळीस मिनिटं! खाली बसून घेतलं. मनात काही नव्हतं, नुसते आकडे मोजत होते.

आली तेव्हा पुढारीच्या मिशांना पावाचा चुरा. पलीकडे कोणीतरी त्यांना खायला घालतं. आणि ती तिकडे अशी गेली, जशी रोजची वाट.

६ एप्रिल, रविवार

आईला ताप. गेले नाही. दोघं दिवसभर दाराशी. तोंड दाराकडे, पाठ माझ्याकडे.

१३ एप्रिल, रविवार

जसं झालं तसं लिहिते.

या वेळी त्यांच्या मागे गेले. खिंड चढताना दम लागला. पलीकडे उतार, उतारावर मधमाश्यांच्या निळ्या पेट्या — वीसेक. आणि एक म्हातारा, डोक्यावर जाळीची टोपी. कुत्री त्याच्या अंगावरच गेली.

"आलात का रे लबाडांनो!" खिशातून शिळा पाव काढून त्याने दोघांना सारखा वाटून दिला. मग मी दिसले. "बाई, जवळ येऊ नका एकदम. आज माश्या तापल्यात." जाळी वर केली. "तो आला का परत?"

कोण, म्हणून विचारलं. माझाच आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा.

"यांचा मालक. फोटोवाला."

दादा परवान्याच्या कचेरीत फोटो काढायच्या खिडकीवर बसायचा. दिवसभर लोकांना सांगायचा — हनुवटी वर करा, हसू नका. चौदा वर्षं.

म्हातारा बोलत राहिला. दोन वर्षं दर रविवारी यायचा म्हणे. पेट्या उचलायचा, चौकटी साफ करायचा. "हात हलका हो त्याचा! माश्यांना कळायचंच नाही." आम्हाला वाटायचं, कुत्र्यांना फिरवतोय. ऑगस्टात पेट्यांचा ट्रक दूर सूर्यफुलांच्या शेतांकडे निघाला, माश्यांना फुलोरा मिळावा म्हणून. म्हाताऱ्याचा पुतण्या एकटाच होता. दादा म्हणाला, मी जातो बरोबर.

"मी विचारलं ना त्याला, घरी काय? तर म्हणाला, सांगून आलोय." म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. "बाई... नव्हतं सांगितलं?"

मान हलवली. हो की नाही, माझं मलाच कळलं नाही.

आम्ही दादाचे फोटो खांबाखांबावर लावले, ते सगळे अलीकडे. पोलिसांची हद्दही खिंडीशी संपते. पलीकडे कुणाला पत्ताच नाही! मी दोन तासांच्या वाटेवर त्याची हाडं शोधत होते.

"पुतण्याचा फोन येतो अधूनमधून. ठणठणीत आहे म्हणतो. अंगानेही भरलाय."

अंगानेही भरलाय.

मी कुत्र्यांचं विचारलं. म्हाताऱ्याने काळीच्या कानामागे खाजवलं. "ट्रकमागे वळणापर्यंत धावली बिचारी. मी म्हटलं, राहू दे माझ्याकडे. तर खिडकीतून ओरडला — जाऊ दे त्यांना, त्यांना घर आहे!"

त्याने मधाची बाटली हातावर ठेवली. घेतली. वाटेत एका दगडावर ठेवून आले.

१४ एप्रिल, सोमवार

साचा फेकला. प्लास्टरचा, पूर्ण जबड्याचा. तुकडे पार दारापर्यंत. मालक धावत आले — "लागलं का?" म्हटलं, निसटला हातातून.

निसटला नाही. फेकला. घर फक्त कुत्र्यांनाच होतं का रे, दादा? आई तुझ्यासाठी दात काढून बसलीये आणि तू अंगाने भरतोस!

१७ एप्रिल, गुरुवार

अजून कुणाला सांगितलेलं नाही. वहिनीला आधी सांगायला हवं. कसं सांगू? जिवंत आहे म्हणू, की सोडून गेला म्हणू? दोन्ही एकच.

२० एप्रिल, रविवार

दुपारी आई झोपल्यावर वहिनीला सगळं सांगितलं. खिंड, पेट्या, ट्रक. यंत्र थांबलं नाही तिचं. शिवण संपवली, दोरा दाताने तोडला, मग म्हणाली, "तिसऱ्या दिवशीच फोन आला होता मला. येणार नाही म्हणाला."

तेव्हा पोलीस अजून नाल्यात शोधत होते! मी ओरडलेच — मग सांगितलं का नाहीस?

"आईंना हरवलेला मुलगा सोसतोय. टाकून गेलेला सोसला असता?" मग सुईत नवा दोरा ओवत, "मलाही."

रात्री जेवताना आई म्हणाली, "आज तरी काही सापडलं का गं?" म्हणजे तिला ठाऊक होतं, मी कशाला जाते ते.

वहिनीने ताटातून मान वर केली नाही.

"नाही," मी म्हटलं. "पुढच्या रविवारी पुन्हा बघते."