२० आणि २०.०

प्रिय रुपेश,

र्युसेल्सहाइमला वोनुंग मिळाली, राहायची सोय झाली, पत्त्याची नोंदणी, ते आनमेल्डुंगही झालं, हे नीताकडून कळलं. बरं वाटलं. इकडे हायडेलबर्गात तुझ्या टेबलावर आता एक इटालियन मुलगी बसते. खिडकी तीही उघडू देत नाही.

तिला शिकवायला म्हणून मी तुझा प्रोग्रॅम पुन्हा उघडला. नेकार नदीच्या पाण्यात प्राणवायू किती विरघळेल हे तापमानावरून सांगणारा. तिनं सहज तापमान २० दिलं, मग २०.० दिलं. उत्तरं वेगळी आली.

आपली ही प्रोग्रॅमिंगची भाषा कशी चालते, तुला ठाऊकच आहे. एकाच नावाची दोन फंक्शन्स असली, तर आलेली संख्या कुठल्या प्रकारची आहे, २० सारखी पूर्ण की २०.० सारखी दशांश, हे ती प्रोग्रॅम चालतानाच बघते आणि त्या प्रकारासाठी जे जास्त नेमकं, ते निवडते. तुझं फंक्शन कुठल्याही संख्येला चालणारं होतं. फाइलच्या तळाशी त्याच नावाचं दुसरं निघालं, फक्त दशांश संख्यांसाठी, आणि त्यात सूत्र होतं समुद्राच्या खाऱ्या पाण्याचं. तू चाचण्या घेतल्यास १५, २०, २५ वर; त्या बरोबर आल्या. नदीवरची मोजमापं १७.४, १८.९ अशी. ती सगळी त्या दुसऱ्याकडे गेली आणि प्राणवायू कमी दिसत राहिला. स्क्रीनवर तक्रारीची एक ओळ आली नाही, कारण भाषेनं तिचं काम चोख केलं होतं.

जूनच्या बैठकीत प्रोफेसर म्हणाले, "रुपेश, तुझं मॉडेल नदीशी जुळत नाही." तू वाद घातला नाहीस. तीन महिने रोज सूत्र तपासत बसलास, जेवायलाही येईनास, आणि मग पीएचडी सोडून नोकरी धरलीस. निरोपाच्या दिवशी मला म्हणालास, संशोधन आपला प्रांत नव्हे. मी मान डोलावली होती.

ते दुसरं फंक्शन माझं आहे. माझ्या कामासाठी, तुला न विचारता तुझ्या फाइलमध्ये घातलं, नंतर काढू म्हणून, आणि विसरले. हे कळल्यावरही तीन आठवडे गप्प बसले. माझा प्रबंध जमा व्हायचा होता. सोमवारी प्रोफेसरांना सगळं लेखी दिलं. माझं फंक्शन काढल्यावर तुझं मॉडेल नदीशी जुळतं. प्रोफेसर तुला स्वतः बोलावतील. यायचं की नाही, तू ठरव. मी फोनही करू शकले असते. पण तू "जाऊ दे गं" म्हणाला असतास, आणि मी जाऊ दिलं असतं.

तुझीच,
ऊर्मिला