समुद्र न दिसणारे तीन दिवस

प्रिय ताई,

समुद्र दिसणार नसेल तर येते, असं म्हणून तू तीन आठवड्यांपूर्वी हसत फोन ठेवलास. तुला वाटलं असेल, विषय मिटला. बंदराच्या शहरात समुद्र चुकवणार कसा! पण मी पंधरा वर्षं इथे गाईड आहे आणि हट्ट तुझ्याच हाताखाली शिकलोय. गेले तीन रविवार खपून तुझ्यासाठी तीन दिवसांची वाट आखली. तिच्यावर समुद्राचा थेंबही दिसत नाही. नुसती नकाशावर नाही, डोळ्यांत तेल घालून चालून पाहिली. तू माझ्याहून वीतभर बुटकी, म्हणून प्रत्येक वळणावर गुडघे वाकवून तुझ्या उंचीवरून पाहिलं. लोक थांबून बघत होते. तुझी भावजय ओळख नसल्यासारखी पलीकडच्या फुटपाथवरून चालली, आणि तुझी भाची, आमची मुंगी, माझ्यासारखीच वाकून.

पहिल्या दिवशी घड्याळांचं संग्रहालय. जुन्या धान्याच्या गोदामात चारशे घड्याळं आहेत, सगळी मुद्दाम थोडी मागेपुढे लावलेली. त्यामुळे बाराचे ठोके या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पाच मिनिटं पडत राहतात. मी शेकडो वेळा ऐकलेत, तरी अजून अंगावर काटा येतो. मग चित्रसंग्रहालय. तिथल्या एका दालनाला नको ती खिडकी आहे, पण पहाऱ्यावरच्या बाई ओळखीच्या, त्या तासभर पडदा ओढून ठेवणार आहेत. तिथे दाताने दोरा तोडणाऱ्या बाईचं चित्र आहे. उसवलेल्या कडेचा धागा न् धागा रंगवलाय गं! बत्तीस वर्षं मशीन चालवलेल्या बाईने ते पाहायलाच हवं. चूक असेल तर तूच काढशील.

दुसऱ्या दिवशी मत्स्यालय. नाक मुरडू नकोस, पाणी नळाचं आणि मीठ पोत्यातलं, विचारून आलोय. एक म्हातारा मासा खाणं घालणाऱ्या माणसाला ओळखतो. तो माणूस चालला की काचेच्या आतून बरोबरीने चालतो. आमचे साहेबसुद्धा मला इतकं ओळखत नाहीत. तिसऱ्या दिवशी टेकडीच्या पूर्वेकडची, काचेच्या छताखालची बाग. तिथे हाताएवढी पानं आणि नखाएवढी फुलं एकाच कुंडीत बघशील. फक्त वाऱ्याचा बंदोबस्त जमला नाही. खारट वास येईल, त्याला माझा इलाज नाही. दीपगृह आणि जहाजांचं संग्रहालय वगळलंय. पाहुणे खास त्यांच्यासाठी येतात, पण तू पाहुणी नाहीस.

तू कधी सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. बाबांची होडी परतली नाही तेव्हा तू सतराची होतीस, मी चारचा. आई आधीच गेलेली. मला कडेवर घेऊन तू बसमध्ये चढलीस ती जिथे नदीसुद्धा नाही अशा गावात उतरलीस. नोकरीसाठी मी पुन्हा इथे आलो तेव्हा तू दोन स्वेटर तेवढे विणून दिलेस. माझं लग्न तुझ्या गावात, मुंगीचा पहिला वाढदिवसही तिथेच. या नोकरीखेरीज तुझ्या मनाविरुद्ध मी कधी गेलो नाही.

आता मुंगी चारची झाली. मागच्या महिन्यात बंदरावर तिने विचारलं, आजोबा कुठून गेले? ताई, मी इथल्या दगडादगडाचं साल सांगतो. पण धक्के तेरा आहेत, आणि त्यातला बाबांचा कुठला ते मला माहीत नाही. मी समोरच्याच धक्क्याकडे बोट केलं. पोरीने तिकडे बघून हात हलवला. तेव्हापासून मला चैन नाही. आपलं घर कुठल्या गल्लीत होतं तेही मला सांगता येत नाही, आणि बाबांचा चेहरा तर आठवतच नाही. हे सगळं फक्त तुझ्यापाशी आहे. म्हणून चौथा दिवस मी मोकळा ठेवलाय. तीन दिवस एक लाटही दिसणार नाही, शब्द देतो. चौथ्या दिवशी परत जावंसं वाटलं तर सकाळच्या गाडीचं तिकीट मीच काढीन, आणि पुन्हा विषय काढणार नाही. पण जमलं तर, त्या दिवशी तू पुढे चाल. मी मुंगीचा हात धरून मागून येतो.

तुझाच,
धाकटा