पुदिन्याला कान नसतात

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं पोचली. उत्तराला उशीर झाला, कारण सलूनला रंग काढायला घेतलाय. रंग म्हणजे आधी पापुद्रे खरवडा, मग भिंतीच्या भेगांत लांबी भरा, मग पहिला हात, मग दुसरा. घाई करून चालत नाही. बाहेर ‘रंगकाम चालू’ अशी पाटी लावलीय आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा सकाळी नऊपर्यंत लोळतोय. तुझ्या भावजयीला माझं घरात असणं फारसं मानवलेलं दिसत नाही.

तुझ्या शिवणकामाला गिऱ्हाईक बरं आहे ना? गुडघा कसा आहे? माझी काळजी करू नकोस, मी मजेत आहे.

लोभ आहेच, तो तसाच राहू दे.
तुझा,
बारक्या

९ मार्च

ती. वन्संना,
शि. सा. नमस्कार.

हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे. यांनी तुम्हाला रंगाची गोष्ट लिहिली असेलच. रंगाचा एक डबासुद्धा अजून दुकानात आलेला नाही.

झालं ते असं. जानेवारीत पलीकडच्या गल्लीतले घड्याळवाले केस कापायला बसले होते. पहिल्या दिवसापासूनचं गिऱ्हाईक. त्यांनी बोलता बोलता मान वळवली आणि कात्री कानाला लागली. दोन टाके पडले. ते बिचारे हसत हसत घरी गेले, पण यांनी मात्र फारच मनाला लावून घेतलं. आता कुणाच्या कानाजवळ कात्री नेली की हात थरथरतो. डॉक्टर म्हणाले, हातात काहीही बिघाड नाही, भीती बसली आहे. महिनाभर कसंबसं ओढलं, मग कुलूप लावलं. घड्याळवाल्यांची गल्ली तर यांनी टाकलीच आहे.

आता कळस म्हणजे खुर्ची विकायला काढली. एक बाई नवं पार्लर उघडते आहे, ती ३१ मेला न्यायला येणार. ती खुर्ची गेली तर हे पुन्हा उभे राहणार नाहीत, अशी मला फार धास्ती वाटते. तुमचं ऐकतात. काहीतरी करा, पण मी कळवलं हे कळू देऊ नका.

माया आहे ती असू द्या.
तुमची धाकटी भावजय

१५ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा रंग सावकाश वाळू दे. तोवर बसून बसून बुरशी चढेल म्हणून ओळखीच्या बस कंडक्टरबरोबर एक डबा पाठवते आहे. ओल्या फडक्यात माझ्या खिडकीतल्या पुदिन्याच्या सहा काड्या आहेत. खालची पानं काढून टाक, पेल्यात पाणी घालून ठेव, पाणी दिवसाआड बदल. आठ-दहा दिवसांत दोऱ्यासारखी पांढरी मुळं सुटतील. मग पसरट कुंडी घे, बुडाला भोक हवंच. सकाळचं ऊन, दुपारी सावली, माती ओलसर. दुसऱ्या रोपाबरोबर लावू नकोस. हा आपल्या काकांसारखा आहे, दोन दिवसांसाठी येतो आणि सगळी खोली बळकावतो.

आणि वीतभर झाला की शेंडे छाट. हे वाक्य मी दोनदा अधोरेखित केलं आहे.

गुडघा कुरकुरतो, पण अजून माझं ऐकतो.

तुझ्यावर रागावण्याइतकी माया असलेली,
ताई

२० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सहाच्या सहा काड्या जगल्या! तीन कुंड्या झाल्या, सलूनच्या खिडकीत ठेवल्यात. उंची विचारू नकोस, हातभर झालाय. कलंडायला लागला म्हणून आधाराला सात कंगवे रोवले आणि दोऱ्याने बांधलाय. मधला जरा फिक्कट दिसतो आणि खालची पानं गळालीत, पण उंचीत कुणाला हार जाणार नाही. एक पानसुद्धा तोडू दिलेलं नाही. तुझी भावजय चहात घालायला चार पानं मागत होती, तिला साफ नाही म्हणालो.

रंगाचं काम जरा लांबलंय.

प्रेमात खंड पडू देऊ नकोस.
तुझा बारक्या

२६ एप्रिल

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून कपाळावर हात मारला. कंगवे? अरे, जन्म डोकी भादरण्यात गेला तुझा, आणि पुदिन्याला आधार देतोस? न छाटलेला पुदिना नुसता लांबतो, खालून टक्कल पडतं, मग तुरे येतात आणि पानांची चव जाते. जिथे कापशील तिथून दोन फांद्या फुटतात. त्याला कापलेलं लागत नाही, उलट न कापल्याने तो मरतो.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. मी शिवणाला बसले त्या वर्षी एका वकिलाच्या नव्या कोऱ्या कोटाची बाही कापडाबरोबर कापली गेली. आठवडाभर कात्रीकडे बघवत नव्हतं. मग आईने जुन्या चादरी पुढ्यात टाकल्या आणि फडकी कापत बस म्हणाली. चौदा चादरी कापल्या, घरात फडक्यांचा ढीग झाला, आणि हात ठिकाणावर आला. तुला हे का सांगते आहे, ते तू विचारू नकोस आणि मीही सांगणार नाही.

उद्या सकाळी कात्री काढ. दोन पानांच्या जोडीच्या जरा वर काप. 

ताई

१८ मे

ती. वन्संना,
शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र आल्यावर हे दोन दिवस कुंड्यांभोवती नुसते घिरट्या घालत होते. तिसऱ्या दिवशी सलूनच्या खणातून कात्री काढली. पहिल्या शेंड्याशी कात्री तीनदा नेऊन मागे घेतली, मला बघवेना, मी मागच्या दाराने घरात निघून गेले. तिसऱ्या कुंडीपर्यंत कचकच असा तो जुना आवाज यायला लागला. मी ओट्याशी उभी राहून रडले, खोटं कशाला सांगू. आता रोज छाटतात, पुदिना गुबगुबीत झाला आहे.

मी लगेच म्हटलं, मग आता दुकान उघडा. तर म्हणाले, पुदिन्याला कान नसतात. खुर्ची पोत्यात गुंडाळून तयार आहे.

काल भाजीच्या गाडीवर घड्याळवाले भेटले. केस मानेवर रुळत होते, मी आधी ओळखलंच नाही. त्यांनी विचारलं, रंग वाळला का? दोनदा येऊन पाटी बघून परत गेले म्हणे. वन्सं, साऱ्या गावात त्या पाटीवर विश्वास ठेवणारा एकच माणूस निघाला! मी त्यांना म्हटलं, रंगाचं राहू द्या, तुम्ही पुदिना न्यायला या.

जमलं का ते कळवीनच.
तुमची धाकटी भावजय

२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुम्ही दोघींनी मिळून मला चांगलंच बनवलंत, हे तुझ्या भावजयीने आता कबूल केलंय. तरी आधी ऐक.

२९ तारखेला सकाळी घड्याळवाले सलूनच्या दारात. पुदिना हवा म्हणाले. केस एवढे वाढलेले की कान दिसेनात. मला वाटलं, माझी करणी झाकतायत. मी हात जोडून माफी मागितली. तर त्यांनी दोन्ही कान चाचपले आणि मलाच विचारलं, कुठला होता तो? चार महिने भिंगासमोर बटा येतायत, बायकोचा चाप लावून घड्याळं दुरुस्त करतायत, पण मागचा भोवरा दुसऱ्या कुणाला जमत नाही म्हणून थांबलेत. त्यांनीच पोतं ओढून काढलं आणि बसले.

ताई, पहिली बट धरली आणि कात्री खाली ठेवली. मग एक कुंडी आरशासमोर ठेवली. दोन शेंडे पुदिन्याचे, दोन बटा त्यांच्या, असं करत गेलो. मान हलवायची नाही अशी तंबी दिली होती, ते श्वाससुद्धा विचारून घेत होते. दीड तास लागला. शेवटी डावा कान बाहेर आला. व्रण तांदळाच्या दाण्याएवढा. एवढ्याशाला मी चार महिने घाबरलो. तिथेच रडलो. त्यांच्यासाठी काढलेला गरम टॉवेल त्यांनी माझ्याच हातात दिला, टॉवेलच्या पाण्यात मी छाटलेला पुदिना टाकला होता. आता सगळी गिऱ्हाइकं तसाच टॉवेल मागतात.

पार्लरवाल्या बाईंनी मला चांगलं फैलावर घेतलं. त्यांना दुसरी खुर्ची शोधून दिली आणि वर पुदिन्याची एक कुंडी.

एकच भानगड राहिलीय. घड्याळवाले जाताना भिंतींकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, इतक्या महिन्यांत रंग लागला तरी कुठे? आता सोमवारपासून खरंच रंग काढतोय. पाटी पुन्हा तीच लावलीय, पण यावेळी कुणीच विश्वास ठेवत नाही. लोक दार ढकलून बघतात आणि आत येऊन बसतात.

लोभ अधूनमधून खुडत जा, म्हणजे फुटत राहील.
तुझा,
बारक्या